निरोगी कपाट

मुलगी: (हातातल्या अर्जावरून वाचत) झोप, गाढ. भूक, चांगली. व्यसन, नाही. काम, घरचाच छापखाना. छंद, सायकल. स्वभाव, आनंदी. मन उदास असण्याचा काळ, कधीच नाही. बाबा, हे तुम्ही कुणाबद्दल सांगितलंत?

बाबा: थोरल्याबद्दल. तुमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी फोनवर एकेक विचारलं, मी सांगत गेलो. त्याला जाऊन चार तास झाले होते.

मुलगी: दादाची झोप दोन वर्षांपूर्वीच उडाली होती. ताट तसंच परत यायचं. सायकलच्या चाकांत हवा नव्हती.

बाबा: मग काय, गेलेल्या पोराची गाऱ्हाणी परक्यांपुढे मांडू? हृदय बंद पडलं, गेला. मेंदू द्या म्हणालीस, दिला. आता आणखी काय राहिलं?

मुलगी: आमच्याकडे दोन शीतकपाटं आहेत. एकात नैराश्य असलेल्यांचे मेंदू, दुसऱ्यात निरोगी माणसांचे. दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधतात. तुमच्या उत्तरांवरून दादाला निरोगी कपाटात ठेवलंय. सोमवारी तपासायला घेतील.

बाबा: चांगलंच की. निरोगी म्हणतायत ना?

मुलगी: ज्या पट्टीनं मोजायचं, तीच खोटी होईल बाबा.

बाबा: मोजता तरी काय?

मुलगी: जनुकं जन्मापासून तीच राहतात. पण माणूस वर्षानुवर्षं धास्तीत जगला, की मेंदूतल्या पेशी त्यातली काही बंद करून ठेवतात, काही नको तितकी चालू ठेवतात.

बाबा: म्हणजे मजकूर जुळवून तयार, पण शाई लागत नाही.

मुलगी: तसंच काहीसं.

बाबा: मग लावा शाई. एवढी शिकलीस, एवढं येत नाही?

मुलगी: नाही येत अजून. म्हणून तर आम्ही मेंदू मागत फिरतो.

(बाबा चष्मा काढून पुसतात.)

बाबा: कामगारांदेखत मी त्याला ठोंब्या म्हणायचो. ते दिसेल त्यात?

मुलगी: कोण काय बोललं ते दिसत नाही. आणि हे एकाच कारणानं होत नाही. आईच्या माहेरीही दोघांना होतं.

बाबा: समजूत काढू नकोस माझी.

मुलगी: बरं.

बाबा: रोज. अकरा वर्षं. एक ओळ तिरकी आली, की छापलेल्या कागदांची अख्खी थप्पी त्याच्या पायाशी फेकायचो. मशीनवाला एकदा म्हणाला, मालक, पोरगं सुकत चाललंय. मी म्हटलं, कामानं कुणी सुकत नाही.

मुलगी: लिहू हे?

बाबा: रकाना आहे का?

मुलगी: 'दीर्घकाळचा ताण'. दोन ओळींचा.

बाबा: बसेल. जन्मभर दुसऱ्यांचा मजकूर बसवतच आलो. लिही. कामाच्या जागी, अकरा वर्षं, वडिलांकडून.

मुलगी: 'वडिलांकडून' नाही लिहिलं तरी चालतं.

बाबा: लिही. सही कुठे करू?

मुलगी: इथे, खाली.

बाबा: मागच्या उन्हाळ्यात त्यानं विचारलं होतं, डॉक्टरकडे माझ्याबरोबर याल का. रविवार होता. छापखाना बंद होता. तरी गेलो नाही.