दहा वर्षांचा ब्रॅनिगन आणि राजीवची तीन मिनिटं

नाही, मला एक सांगा, त्या वॉल्टरला रडायचंच होतं तर गेली नऊ वर्षं का नाही रडला तो? अं? तीच गोष्ट, तोच खेळाडू, तेच बेसमेंट, तेच चिप्स आणि साल्सा... नऊ वर्षं आमच्या गिरीशनं घसा फोडून सांगितली तेव्हा हा म्हातारा चिप्सचं पाकीट दातानं फाडत बसला, आणि दहाव्या वर्षी राजीवनं सांगितली तर चष्मा काढून डोळे पुसतोय! राजीवनं! आणि ह्या राजीवला बेसबॉल शिकवलं कोणी? गिरीशनं!

थांबा, थांबा, तुम्हाला नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा गिरीश कोण आणि वॉल्टर कोण. गिरीश पोहनकर, मूळचा नागपूरचा, वेस्ट विंडसरमध्ये राहतो, अमेरिकेत येऊन तेवीस वर्षं झाली. वॉल्टर त्याचा शेजारी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेला. आता अमेरिकेत बेसबॉलचं ते हॉल ऑफ फेम असतं, माहितीय ना? निवृत्त झालेल्या खेळाडूंमधले जे खरेखुरे थोर, त्यांची पितळी पाटी लागते तिथं, कायमची. कोण थोर ते ठरवतात बेसबॉलवर लिहिणारे लोक. दरवर्षी मतदान, शंभरात पंचाहत्तर पडली तर पाटी, नाहीतर पुढच्या वर्षी या. असं दहा वर्षं. दहाव्या वर्षी नाही जमलं की यादीतून नाव कट!

जानेवारीतल्या एका मंगळवारी संध्याकाळी सहाला टीव्हीवर निकाल लागतो, आणि त्या दिवशी चार वाजल्यापासून वॉल्टरच्या बेसमेंटमध्ये सात जणांचा वाद रंगतो. प्रत्येकानं एक खेळाडू घ्यायचा, तो पाटीच्या लायकीचा आहे हे तीन मिनिटांत पटवायचं, मग हात वर करून मतदान. ह्या सात जणांच्या मताला बाहेर कुत्रं विचारत नाही, तो भाग सोडा! पण ज्याच्या खेळाडूला जास्त हात, तो निकाल बघायला वॉल्टरच्या लेदरच्या आरामखुर्चीत बसतो. पाय वर करून. बाकीचे फोल्डिंगच्या खुर्च्यांवर.

गिरीश त्या खुर्चीत किती वेळा बसला असेल? सांगा ना! एकदाही नाही! नऊ वर्षं दर जानेवारीला ऑफिसात ‘डेंटिस्टकडे जातो’ म्हणून लवकर निघतो, त्याच्या मॅनेजरला वाटतं ह्याच्या तोंडात एक दात धड नसेल, आणि इकडे मिळतात किती हात? दोन! एक स्वतःचा आणि दुसरा वॉल्टरच्या मेव्हण्याचा, ज्याला ऐकू येत नाही आणि जो प्रत्येकासाठी हात वर करतो.

खेळाडूही एकच, लेनी ब्रॅनिगन. सेकंड बेसवर, म्हणजे धावायच्या चार टप्प्यांतल्या दुसऱ्यावर, उभा राहणारा, एकोणीस वर्षं खेळलेला, फार मोठे फटके नाहीत, मासिकांवर फोटो नाहीत... पण गिरीशचा जीव त्याच्यावर! का, तर सांगतो. गिरीश नवा नवा आला तेव्हा हातात प्रोजेक्ट नव्हतं, दहा आठवडे कंपनीनं नुसतं बसवून ठेवलेलं, आज परत पाठवतील की उद्या अशी अवस्था. कोणीतरी फुकटचं तिकीट दिलं म्हणून एकटाच मॅच बघायला गेला. ब्रॅनिगनची टीम अकरा-एकनं हरत होती. शेवटची इनिंग, लोक गाड्या काढायला गेलेले, आणि ह्यानं बॉल मारला तो सरळ बोलरच्या पुढ्यात घरंगळत गेला. आउट! पोरालाही कळेल आउट! कोणीही असता तर चालत निघून गेला असता. ब्रॅनिगन पळाला. जीव तोडून पळाला, फर्स्ट बेसपर्यंत! आणि रिकाम्या स्टँडमध्ये बसलेला गिरीश स्वतःशी म्हणाला, हा माणूस पळतोय, आणि मी पॅकिंगचा विचार करतोय? दुसऱ्या दिवशी सकाळी सतरा कंपन्यांना फोन केले त्यानं. सतरा!

आहे की नाही गोष्ट? पण गिरीशची सांगायची पद्धत... काय सांगू तुम्हाला! तो आधी नागपूरपासून सुरू करतो. मग व्हिसा. मग त्या वेळच्या मंदीचं विश्लेषण. मग फुकट तिकीट देणाऱ्या माणसाचं मूळ गाव. ब्रॅनिगन बॅट हातात घेतोय तोवर टायमर वाजतो, टिर्रर्र! आणि वॉल्टर म्हणतो, "थँक यू, गॅरिश!" हो, गॅरिश! नऊ वर्षं गॅरिश!

आता राजीव. राजीव शेवडे, पुण्याचा, आधी जॉर्जियात अल्फारेटाला होता, दोन वर्षांपूर्वी इकडे आला. इन्शुरन्स कंपनीत डेटाचं काम. गिरीशपेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, ‘गिरीशदादा, गिरीशदादा’ करत मागं मागं. बायकोमुलं अजून तिकडे जॉर्जियातच होती, म्हणून गिरीशच्या बायकोनं, वसुधानं, शनिवारी जेवायला बोलवायला सुरुवात केली, आणि जेवता जेवता ह्याला बेसबॉल शिकवलं कोणी? गिरीशनं! टेबलावर चार चमचे मांडून! हा होम, हा फर्स्ट, हा सेकंड, वरणाची वाटी म्हणजे बोलर! आणि ह्याचे प्रश्न काय, तर "दादा, स्टंप कुठायत?" पहिल्यांदा मैदानावर नेला तर बॉल मागच्या बाजूला प्रेक्षकांत गेला आणि हा उभा राहून ओरडला, "सिक्स!" अहो, फाउल होता तो, रेषेबाहेर गेलेला! चारशे लोकांनी वळून बघितलं. गिरीशची मुलगी शिवांगी म्हणाली, "ओ माय गॉड, काका, सिट डाऊन."

असा हा माणूस. गेल्या जानेवारीत गिरीशनं त्याला वॉल्टरकडे नेलं, नुसतं ऐकायला. वॉल्टरनं दारातच हात पुढे केला आणि म्हणाला, "वेलकम, राजीव!" राजीव! जी दीर्घ! व सुद्धा बरोबर! गिरीश तेव्हाच मनात म्हणाला म्हणे, ह्या माणसानं नऊ वर्षांत माझं नाव नीट घेतलं नाही, आणि ह्याला काय शिकवणी लावली होती?

मग सुरूच झालं. राजीवनं वॉल्टरचा प्रिंटर दुरुस्त केला. राजीवनं बर्फ पडल्यावर वॉल्टरचा ड्राइव्हवे साफ केला, आणि तो करतोय हे गिरीश स्वतःच्या खिडकीतून पडदा बाजूला करून बघतोय! वसुधा म्हणाली, "मग तू पण जा ना फावडं घेऊन." तर म्हणतो, "मी कशाला जाऊ? मी काय इम्प्रेस करायला बघतोय?" आणि पडदा सोडेना!

तर ह्या वर्षीचा जानेवारी. ब्रॅनिगनचं दहावं वर्ष, शेवटचं. गेल्या वर्षी त्याला अडुसष्ट टक्के पडले होते, म्हणजे आता इकडे नाहीतर तिकडे. गिरीशनं आठवडाभर बाथरूममध्ये भाषण पाठ केलं. राजीव आता रीतसर सातवा मेंबर, त्यानं कुठलातरी पिचर, म्हणजे बोलर, घेतला होता. चिठ्ठ्या टाकल्या, गिरीशचा नंबर पहिला, राजीवचा शेवटचा.

गिरीश उभा राहिला. "मित्रहो, नागपूर हे शहर भारताच्या मध्यभागी..." झालं! टिर्रर्र वाजलं तेव्हा ह्याच्या व्हिसाचा शिक्कासुद्धा पडला नव्हता! "थँक यू, गॅरिश!"

मग बाकीच्यांचं बोलून झालं, आणि शेवटी राजीव उठला. हातात कागद एक. एकच! म्हणाला, "मी माझा पिचर मागे घेतो. माझ्या मित्राची गोष्ट अर्धी राहिली, ती मी पूर्ण करतो."

आणि राजीवनं काय केलं माहितीय? नागपूर गाळलं! व्हिसा गाळला! थेट अकरा-एक, रिकामं स्टँड, घरंगळणारा बॉल, आणि वर बसलेला एक घाबरलेला तरुण. एका मिनिटात! मग कागद वर धरला. म्हणाला, "एकोणीस वर्षांत ब्रॅनिगन असा आउट व्हायच्या बॉलवर पळाला आणि समोरच्यानं घाईत चूक केली म्हणून वाचला, असं एकशे ऐंशी वेळा झालंय. मी मोजलंय. लोक त्याला समोरच्याची चूक म्हणतात. मी त्याला ब्रॅनिगनचा खेळ म्हणतो." आणि खाली बसला. टायमरमध्ये चाळीस सेकंद शिल्लक!

सातांपैकी एक, फायर ब्रिगेडमधून रिटायर झालेला आडदांड माणूस, घसा खाकरतोय. आणि वॉल्टरनं चष्मा काढला... बघितलंत? तिथं रडला तो!

आता तुम्ही म्हणाल, गिरीशला आनंद व्हायला हवा! त्याचाच खेळाडू, त्याचीच गोष्ट! अहो, होईल का? तुमच्या मुलीचं लग्न ठरावं आणि मांडवात कन्यादानाला दुसराच माणूस बसावा, तसं झालं त्याचं! एकशे ऐंशी! हा आकडा मला का नाही सापडला? ह्याला फाउल आणि सिक्समधला फरक कळत नव्हता, ह्याला बेसबॉल शिकवलं कोणी...

"ब्रॅनिगन लायक आहे असं कोणाला वाटतं?" वॉल्टर म्हणाला. हात वर. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

सात नाही. सहा! मेव्हण्याचा धरून सहा! आणि सातवा हात, तुम्हाला सांगतो, सातवा हात गिरीश पोहनकरच्या मांडीखाली होता. दाबून ठेवलेला! दहा वर्षं ज्याच्यासाठी भांडला, त्याच्या विरोधात त्या बेसमेंटमध्ये पडलेलं एकमेव मत... ह्याचं!

"गॅरिश?" वॉल्टर बघतच राहिला. "तुझा हात?"

आणि गिरीश म्हणाला... खरंच म्हणाला हो, मला त्यानं स्वतः सांगितलं, मान खाली घालून... म्हणाला, "खांदा दुखतोय. वर जात नाही."

बरं, राजीवनं गप्प बसावं ना! नाही! "अरे दादा, आधी सांगायचं! गाडीत बाम आहे माझ्या!" आणि पळाला बाहेर, बर्फात, जॅकेट न घालता! येऊन ह्याचं शर्टाचं बटण काढून खांद्याला चोळतोय. मुळातच दुखत नसलेला खांदा! आणि वॉल्टर आरामखुर्ची पुढे करतोय, "राजीव, बैस," तर हा म्हणतो, "नाही, दादांना बसवा, त्यांना दुखतंय." गिरीशनं दात आवळले. दहा वर्षं जिची वाट बघितली ती खुर्ची समोर, आणि म्हणाला, "नको. मी उभाच बरा." कोणीच बसलं नाही! खुर्ची रिकामी, आणि सात जण तिच्याभोवती उभे!

सहा वाजले. टीव्हीवर सुटातला माणूस आला, लिफाफा फोडला, कागद काढला, पाणी प्यायला, मेला लवकर बोलेना. राजीवनं गिरीशचा तळहात धरला. गिरीशनं सोडवून घेतला.

"लेनी ब्रॅनिगन. शहात्तर पूर्णांक तीन टक्के."

तुम्हाला सांगतो, पुढं काय झालं ते गिरीशलाच कळलं नाही. तो उडाला! दोन्ही हात वर करून, छताला बोटं लागेपर्यंत, "लेनीऽऽ! अरे लेनीऽऽ!" असं मराठीत ओरडत! डोळ्यातून घळाघळा पाणी! आणि मग एकदम लक्षात आलं, की सगळे त्याच्याकडे बघतायत. त्या वर गेलेल्या हाताकडे. दुखऱ्या.

फायर ब्रिगेडवाल्याची भुवई वर. वॉल्टरचं तोंड उघडं. गिरीशला वाटलं, जमीन फाटावी, पण बेसमेंटच्या खाली अजून कुठं जाणार?

आणि राजीव मोठ्यांदा म्हणाला, "बघा! बाम लागू पडला की नाही!"

सगळे हसले. वॉल्टर हसला, पाठीवर थापा पडल्या, कोणीतरी बियर उघडली. पण राजीव गिरीशकडे बघत होता, आणि गिरीशला कळलं की त्याला कळलंय. सगळं कळलंय. तरी झाकलं. आता सांगा, अशा माणसाचं करायचं काय?

घरी आला तर वसुधा ताटं घेत होती. "लागला ना तुझा ब्रॅनिगन? शिवांगीनं फोनवर बघितलं." ह्यानं ताटावर बसल्या बसल्या सगळं सांगितलं, मांडीखालच्या हातासकट.

"म्हणजे एकच मत विरोधात गेलं, ते तुझं?"

"हं."

"फोन कर त्याला. आत्ता."

केला. वसुधा समोर कमरेवर हात ठेवून उभी म्हटल्यावर करतो काय! "राजीव, ते हाताचं..." एवढंच म्हणाला, तर तिकडून, "सोडा हो दादा! ऐका ना, जुलैत समारंभ आहे, पाटी लावतात त्या दिवशी. कूपर्सटाउनला. मी ड्राइव्ह करतो, वॉल्टर मागं झोपेल, तुम्ही पुढं बसा. आणि मला ती गोष्ट तुमच्या तोंडून नीट ऐकायचीय, पूर्ण, नागपूरपासून. चार तास आहेत, टायमर नाही."

गिरीशनं फोन ठेवला.

"काय म्हणाला?" वसुधानं विचारलं.

"चांगला आहे गं तो," गिरीश म्हणाला. "मनापासून चांगला आहे." आणि मोठ्ठा सुस्कारा सोडून भातात वरण कालवत म्हणाला, "तेच तर सहन होत नाही!"