मामाची रजा

तुम्हाला सांगते, एकदा मी थेट फौजेतल्या साहेबांशी वाद घातला. पोराला अकरावा महिना लागलेला. आमच्यात जावळ वर्षाच्या आत काढतात, तेही मामाच्या मांडीवर, आणि मामा एकच, माझा फौजी भाऊ. त्याने रजा मागितली, तर सुभेदारसाहेब म्हणाले, "बायको, पोरं, आईबाप हे कुटुंब. लग्न झालेली बहीण त्यात बसत नाही."

साहेब आपल्या रहिमतपूरचे, म्हणून मीच फोन लावला.

"ताई, नियम हाय. मी काय करू?"

"व्हय साहेब. पन तुमच्या पोराचं जावळ कुनाच्या मांडीवर काढलं?"

"मेव्हण्याच्या."

"ते काय करत्यात?"

"फौजेतच हाय."

"मग त्यांच्या साहेबांनी त्यांच्या बहिणीला, म्हंजी तुमच्या मंडळींना, कुठल्या नियमात बसवलं?"

मला वाटलं, भावाची नोकरी घालवली की काय.

मग साहेब म्हणाले, "तारीख सांगा."

जावळ म्हसवडला, सिद्धनाथाच्या देवळात झालं. पोरगं मामाच्या मांडीवर बसून भोकाड पसरत होतं, आणि मी भावाच्या रजेचा कागद सगळ्यांना दाखवत होते. कारणाच्या जागी साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'घरचं कार्य'.