पहिल्या रांगेचं तिकीट

नाटकांचे कपडे शिवणाऱ्या आणि जन्मभर फुकट पासावरच नाटकं पाहिलेल्या शिंपीणबाई नातीच्या कॉलेज-प्रवेशासाठी रांगेत उभ्या होत्या. पुढे मायलेकींचं चाललं होतं.

“कार्यक्रमांचं व्यवस्थापनच शिकायचं ना? मग त्या दुसऱ्या कॉलेजात स्वतःचं नाट्यगृह आहे.”

“फीसुद्धा दुप्पट आहे, आई.”

“आणि इथे?”

“इथे साधा पडदाही नाही. हॉल मुलांनीच शोधायचा, तिकिटंही मुलांनीच खपवायची.”

“मग हे शिकवणार काय, कपाळ?”

“अगं, तेच तर शिकायचंय!”

“...बरं बाई. पहिल्या कार्यक्रमाचा मला पास ठेव.”

“पास कुणालाच नाही. तिकीट काढायचं.”

“सख्ख्या आईने?”

“सख्ख्या आईने तर पहिल्या रांगेचं. सगळ्यात महाग.”

शिंपीणबाईंना राहवेना.

“पोरी, त्याच रांगेत माझंही एक धर. विकत.”