प्रिंटखालची सही

(एव्हरशाईन सिटी, वसई, २००४. प्राध्यापक दिवाकर यांचं घर. पत्नी चंद्रकांता. हेमांगी त्यांची जुनी विद्यार्थिनी; आता त्यांच्याच मुद्राचित्र विभागात शिकवते.)

हेमांगी: काकू, पंखा बंद करता? कागद उडेल. सर, बघा तरी.

दिवाकर: माझ्या कोरलेल्या प्लेटला हात लावायला कुणी सांगितलं तुला?

हेमांगी: तुम्हाला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तशीच पडून होती. तांबं काळं पडायला लागलं. म्हटलं, एक तरी प्रिंट काढावी.

चंद्रकांता: अहो, उमेळ्याची आपली केळीची वाडी! आणि विहिरीपाशी सासूबाई ना?

दिवाकर: हं. आईच.

चंद्रकांता: तिथे आता चार मजले चढलेत.

हेमांगी: खाली सही करा, सर.

दिवाकर: कशानं? या हातात चमचा ठरत नाही.

हेमांगी: डाव्यानं.

दिवाकर: शाई तू भरलीस, पुसलीस तू, प्रेस तू फिरवलास. आणि सही माझी?

चंद्रकांता: जन्मभर पोरांच्या प्लेटा निस्तरत बसलात. रविवारीसुद्धा. कुणाला म्हणालात कधी, यात माझा हात आहे म्हणून?

दिवाकर: ते माझं कामच होतं.

चंद्रकांता: मग तिचंही असेल.

दिवाकर: ...हेमांगी, माझा वर्ग कोण घेतंय?

हेमांगी: सर, ते...

दिवाकर: सरळ सांग.

हेमांगी: उद्यापासून मी. तुम्ही परत येईपर्यंतच.

दिवाकर: मी परत येत नाही. तुलाही ठाऊक आहे, हिलाही. माझ्यापुढंच तेवढ्या गप्प बसता.

चंद्रकांता: डॉक्टर म्हणाले, त्यांच्यापाशी इतक्यात हे बोलू नका.

दिवाकर: माझ्या शर्टाची बटणं तू लावायला लागलीस, तेव्हाच कळलं मला.

हेमांगी: तुमच्या जागी उभं राहवणार नाही मला, सर.

दिवाकर: एका जागी उभं राहायचंच नसतं. पोरांमधनं फिरायचं. ...पेन्सिल दे.

चंद्रकांता: कागद धरू?

दिवाकर: नको. ...वाकडी आली.

हेमांगी: असू दे, सर.

दिवाकर: आता बाजूला तुझं नाव घाल. छापलं कुणी, ते दिसू दे.

हेमांगी: सर, माझं कशाला?

दिवाकर: घाल म्हणतो ना. आणि उद्या जरा लवकर नीघ. पहिल्या वर्षाची मुलं दार उघडायच्या आधीच येऊन उभी असतात.