समुद्रगाईचे पाय

पाटीवाला — माझ्याकडे बघू नकोस. मी ब्रश धुऊन ठेवलेत. एकाच पाटीला तिसऱ्यांदा पांढरा हात मारायचा म्हणजे काय, मी इथे भिंती रंगवायला आलोय का? सकाळी तुझे बाबा म्हणाले, 'समुद्रगाय' लिहा. लिहिलं. मग म्युझियमच्या मोठ्या बाई आल्या. त्या म्हणाल्या, वर 'जलपरी' पाहिजे, लोक इथे गाय बघायला कशाला येतील. तेही लिहिलं. वाळायच्या आत तू येतेस आणि म्हणतेस, थांबा.

लेक — थांबाच म्हणाले ना काका, पुसा कुठे म्हणाले?

पाटीवाला — आमच्या धंद्यात थांबा म्हणजे पुसाच. हे बघ, या दालनातल्या बाकीच्या पाट्यांनी मला काही त्रास दिला नाही. हत्तीची कवटी. मधोमध सोंडेचं भोक, जुन्या लोकांना वाटलं डोळ्याची खोबण, झाला एकडोळ्या राक्षस. मला कळलं, मी लिहून मोकळा. तो पिळाचा लांब दात, उत्तरेकडच्या देवमाशाचा. लोकांना वाटलं शिंग, दिलं घोड्याच्या कपाळावर लावून. तेही कळलं. ही तुमची जलपरीच तेवढी डोक्यात शिरेना.

लेक — त्यात न कळण्यासारखं काय आहे? खलाशी महिनोन्‌महिने पाण्यावर. लांबवर समुद्रगाय डोकं वर काढते, पिलाला पुढच्या वल्ह्यासारख्या हातानं जवळ घेतलेलं. खाली माशासारखी शेपटी. उजेड कमी, घरची आठवण जास्त. दिसली परी.

पाटीवाला — ते मला पाठ झालंय. माझा प्रश्न वेगळा आहे. आधी दार लोट. तुझे बाबा कुठायत?

लेक — मागच्या खोलीत. सरस तापवतायत.

पाटीवाला — बरं. मग मला सांग, समुद्रगाईला पाय असतात?

लेक — पुढची दोन वल्ही असतात. आत पाच पाच बोटांची हाडं, अगदी आपल्या हातासारखी. म्हणून तर लोकांना…

पाटीवाला — मागे. मी मागचं विचारतोय. मी रंगाचा माणूस, मला हाडातलं ओ की ठो कळत नाही. पण कालपासून या टेबलावरच्या सांगाड्यासमोर बसलोय. शेपटी आहे. आणि शेपटीच्या जरा अलीकडे दोन पाय लोंबतायत. खुरांसकट. खुरं असलेली परी मी तरी कुठल्या गोष्टीत ऐकली नाही.

लेक — ते मुद्दाम आहे.

पाटीवाला — मुद्दाम.

लेक — हो. म्हणजे, हे दालन कशाबद्दल आहे? लोकांना हाडं सापडली, त्यांनी ती भलतीच जोडली, आणि त्यातून अचाट प्राणी निघाले. तर एक सांगाडा आपणही तसाच चुकीचा जोडून ठेवायचा. बघणाऱ्याला कळेल, चूक कशी होते ते.

पाटीवाला — छान आहे की. मग मास्तरांना, तुझ्या बाबांना, हे कुणी का सांगितलं नाही?

लेक — त्यांना काय सांगायचं? त्यांनीच जोडलंय.

पाटीवाला — तेच तर म्हणतोय मी. सकाळी मी विचारलं, मास्तर, हे पाय? तर मला म्हणतात, कुठले पाय? मी बोट दाखवलं. कितीतरी वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, असतातच की. मोठ्या बाई तिथेच. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत पाय बघितले. आणि मला म्हणाल्या, लिहिण्याआधी एकदा नीट विचारून घ्या हं. मला. आता मी कुणाला विचारू? ज्यांना विचारायचं ते म्हणतात असतात, त्यांची मुलगी म्हणते नसतात पण मुद्दाम असतात.

लेक — अजून काय म्हणाल्या बाई?

पाटीवाला — संध्याकाळी परत येणार आहेत. उद्या दालन उघडायचंय, म्हणून शेवटची नजर टाकायला. आणि जाता जाता, सहज विचारल्यासारखं, मास्तरांचं वय काय असेल हो.

लेक — तुम्ही काय सांगितलंत?

पाटीवाला — म्हटलं, दिसतात तेवढं नाही.

लेक — काका.

पाटीवाला — अगं पटकन सुचलं ते बोललो. तुला सुचलं असतं का काही बरं?

लेक — त्या बाबांना घरी बसवतील. गोड बोलून, शाल-बिल देऊन, पण बसवतील. आणि बाबा घरी काय करणार? रविवारची एक सुट्टी त्यांना जड जाते. घरभर फिरत राहतात, हाताला काम नाही म्हणून माझ्या डब्यांची झाकणं काढून परत लावतात. तुम्ही लिहा. 'मुद्दाम चुकीची जोडणी.' ठसठशीत लिहा.

पाटीवाला — लिहीन. माझं काय जातंय. पण मग त्या बगळ्याचं काय?

लेक — कुठल्या बगळ्याचं?

पाटीवाला — पक्ष्यांच्या कपाटातल्या. मध्ये त्याची मान पाठीकडे वळलेली होती. मी म्हटलं, मागे वळून बघत असेल बिचारा. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा विसरलो म्हणून परत आलो, तर तू स्टुलावर उभी. तोंडात तार धरलेली, आणि बगळ्याची मान सरळ करतेयस.

लेक — बघितलंत तुम्ही?

पाटीवाला — बघितलं, आणि डबा न घेताच गेलो.

लेक — मग बोलला का नाहीत कधी?

पाटीवाला — तू बोललीस? राहू दे. मी आपलं विचारतो, बाकीचे लोक हाडावर शाईनं खूण करतात म्हणे. कुठलं कशाच्या शेजारी. मास्तरांनी एवढं केलं असतं तरी निभावलं असतं.

लेक — बाबा खुणा करत नाहीत. डोळे मिटतात, हाड हातात घेतात, अंगठा फिरवतात, आणि सांगतात. लहानपणी जेवताना माझ्या ताटातलं हाड उचलायचे आणि म्हणायचे, ही कोंबडी डाव्या पायानं लंगडत होती. आई म्हणायची, ताटात तरी दुकान मांडू नका. मलाही त्यांनी असंच शिकवलं. डोळे मीट म्हणायचे, डोळे फार मधे मधे बोलतात.

पाटीवाला — हळू. आले बघ.

मास्तर — कोण मधे मधे बोलतंय? ब्रशराव, सरका जरा, भांडं गरम आहे. हां. काय हो, पाटी अर्धीच अजून? तुमच्या वेगानं तर खरी जलपरी चालत येईल तोवर.

पाटीवाला — चालत येईलच. पाय दिलेत ना तुम्ही तिला.

लेक — काका.

मास्तर — बोलू दे त्यांना. तर काय लिहायचं ठरलं?

पाटीवाला — ही म्हणते, 'मुद्दाम चुकीची जोडणी'.

मास्तर — चुकीची? कुठली?

लेक — बाबा, आपलं ठरलं होतं ना. एक सांगाडा लोकांना दाखवायला मुद्दाम चुकवायचा. तुम्हीच म्हणालात मागे.

मास्तर — मी म्हणालो?

लेक — हो. इथेच, या टेबलाशी. विसरलात तुम्ही.

मास्तर — असेल. होतं असं या वयात. ब्रशराव, तुम्ही होतात तेव्हा?

पाटीवाला — मी? मी होतो… बहुतेक होतो. कोपऱ्यात.

मास्तर — कोपऱ्यात कसे असाल? या दालनाचं ठरलं तेव्हा तुम्ही डोळ्याचं ऑपरेशन करून घरी पडला होतात. मी भेटायला आलो होतो. तुमच्या बायकोनं मला तुमच्याच पथ्याचं बिनमिठाचं खायला घातलं. तुम्हाला काळा चष्मा लावला होता, आणि तुम्ही मला जावई समजून पाच मिनिटं त्याची चुगली माझ्याकडेच करत होतात.

पाटीवाला — आई गं. तो जावई नव्हता?

मास्तर — मी होतो. माझं डोकं अजून ठिकाणावर आहे, पोरी. मी कधी काय म्हणालो, सगळं आठवतं मला. असं काही मी म्हणालो नाही.

लेक — बरं. मग खरं सांगते. माझी चूक आहे. फळ्या झाडताना मी खोकी इकडची तिकडे केली. शेळीच्या हाडांचं खोकं तुमच्या हाताशी गेलं असणार.

मास्तर — शेळीचं खोकं खालच्या फळीवर असतं.

लेक — तेच म्हणते ना.

मास्तर — खालच्या फळीला तू हात लावत नाहीस. तिथे एकदा पाल निघाली होती. तेव्हापासून तिथली धूळ मी झाडतो, आणि तू लांबून सांगतेस, तो कोपरा राहिला.

पाटीवाला — माझं डोकं गरगरायला लागलंय हो. मास्तरांना सगळं आठवतं. खोकी जागच्या जागी आहेत. मग गाईला शेळीचे पाय लागले कसे? उडत आले का?

मास्तर — मी लावले.

लेक — तुम्ही सकाळपासून दमलाय, बाबा. आपण नंतर बघू. काका, तुम्ही जेवून घ्या.

पाटीवाला — जेवलो मी.

मास्तर — बसा, ब्रशराव. समुद्रगाईला मागचे पाय नसतात, पण कमरेशी दोन बारकी हाडं उरलेली असतात. कशालाच जोडलेली नसतात, मांसात नुसती लोंबत. कधीकाळी पाय होते, त्यांचं उरलंसुरलं. ती दोन हाडं मला हवी होती. खोक्यात चाचपली, सापडेनात. सगळी चाचपून झाली, परत पहिल्यापासून चाचपली. मग म्हटलं, दुसऱ्या खोक्यात गेली असतील. खालच्या फळीवरचं काढलं. हाताला काहीतरी कमरेसारखं लागलं, त्याला तारेनं जोडलेलं पुढचं सगळं आलं. बसवून टाकलं.

पाटीवाला — आणि सकाळी मी बोट दाखवलं तेव्हा?

मास्तर — तेव्हा डोळ्यांनी बघितलं आणि खुरं दिसली. बाई समोर होत्या. तोंडातून निघून गेलं, असतातच की. जुनी माणसं असेच राक्षस बनवत असणार बघा. मधलं काही सापडत नाही, आणि बघणाऱ्यांसमोर हात रिकामा ठेवायची लाज वाटते.

लेक — मग काढून टाकू की. आत्ता काढू. बाई यायला वेळ आहे. एवढं काय त्यात?

मास्तर — दुपारी मी काढायलाच बसलो होतो. चिमटा हातात घेतला आणि भीती वाटली. शेळीचं म्हणून गाईचंच उपटलं तर?

लेक — तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. त्या कोपऱ्यातला दिवाही मिणमिणता आहे, मी कितीदा सांगितलंय.

मास्तर — मी डोळ्यांनी कधी जोडत होतो गं?

लेक — गारठा पण आहे. गारठ्यात बोटं आखडतात. सगळ्यांचीच आखडतात. काका, तुमची नाही का आखडत?

पाटीवाला — आखडतात. अक्षरं वाकडी येतात.

मास्तर — बगळ्याची मान तू छान बसवलीस. तार मात्र एक नंबर जाड घेतलीस, उजेडात चमकते.

लेक — …तुम्हाला माहीत होतं?

मास्तर — मी लावलेली तार मला कळणार नाही? खारीचा जबडा, सशाची बरगडी, सगळं माहीत आहे. तू दुपारी दुरुस्त करायचीस, मी संध्याकाळी बघायचो. बरोबर असायचं. म्हणून मग मी बिनघोर जोडत राहिलो. म्हटलं, चालतंय तोवर चालू दे. इकडे ये. हात पुढे कर. डोळे मीट.

लेक — आत्ता नको, बाबा.

मास्तर — मीट म्हणतो ना.

(ती डोळे मिटते. मास्तर कोटाच्या खिशातून एक हाड काढून तिच्या तळहातावर ठेवतात.)

मास्तर — काय आहे?

लेक — काडीसारखं. दोन्ही टोकं बोथट. एका बाजूला किंचित खोलगट. आकाराच्या मानानं जड, दगडासारखं. बाबा, हे कमरेचं आहे. समुद्रगाईचं. हेच तर शोधत होतात तुम्ही.

मास्तर — नक्की?

लेक — नक्की. हे कुठे मिळालं?

मास्तर — दुसरंही इथेच आहे, या खिशात. खोक्यातून पहिल्यांदा हीच दोन हाताला लागली होती. कशाची ते कळेना, म्हणून बाजूला ठेवली. तेव्हापासून घेऊन फिरतोय. रात्री उशाशी ठेवतो, जाग आली की अंगठा फिरवतो, म्हटलं सांगेल कधीतरी.

पाटीवाला — मास्तर, मी जरा बाहेर थांबू का?

मास्तर — नका जाऊ. बाई आल्या की त्यांना मला हेच सांगायचंय, एकदा तुमच्यापुढे म्हणून बघतो. पाटीवर साधं 'समुद्रगाय' लिहा. पाय ही पोर काढेल, आणि यापुढे जोडेलही हीच.

लेक — बाबा, नका ना असं बोलू.

मास्तर — मला आता हाडं ओळखू येत नाहीत, बेटा. नुसती थंड लागतात.