सासरे, पंचा आणि दायजोबू

...नाही, पण मी म्हणतो, ‘दायजोबू’ म्हणजे नक्की काय हो? जपानात, या निशी-कसाईत एवढी वर्षं काढली, अजून कळलेलं नाही! चालेल? की नको? की मर तिकडे? तुम्हाला सांगतो, तिन्ही!

आमचे सासरे, अप्पा, सांगलीचे रिटायर्ड हेडमास्तर, आलेत राहायला. गुडघे धरलेले. सुलेखा, म्हणजे आमची ही, माझ्या मागे... “अप्पांना गरम पाण्याच्या झऱ्यावर न्यायचंच, अंबरीष. शब्द दिलायस तू!” दिला होता... निघतो कधी माणसाच्या तोंडून! ऑफिसातल्या मोरिता-सानना विचारलं, डोंगरातल्या झऱ्याची वाट म्हाताऱ्या माणसाला जमेल? “दायजोबू!” काठाला तंबू ठोकला तर? “दायजोबू, दायजोबू!” आणि पोहायचे कपडे? तर हसून हात हलवत, “आ... दायजोबू देस!”

वाट? अहो कसली वाट! अर्धी दरडीनं खाल्लेली, उरलेल्या अर्धीवर दोर लटकवलेला, वर अस्वलाची पाटी! अप्पांच्या एका हातात दोर, दुसऱ्यात माझी कॉलर, माझ्या पाठीवर तंबू, स्टोव्ह आणि सुलेखानं दिलेले धपाटे... धापा टाकत पोचतो तर पाटीवर तंबूचं चित्र आणि त्यावर ही मोठी लाल फुली! तंबू खाली, गाड्या लावतात तिथे! मग हे ओझं मी काय अस्वलाला दाखवायला आणलं? कुठाय दायजोबू?

आणि कुंडात... बाया-बाप्ये एकत्र, सगळे दिगंबर! म्हणजे तो हात हलवला त्याचा अर्थ ‘कपडे लागत नाहीत’ असा होता हो! घातले तरी चालतात, कुणी हटकत नाही. पण सगळ्या नागव्यांत एकटा चड्डीवाला म्हणजे तोच नागवा वाटतो! म्हटलं, “अप्पा, परत फिरू.” तर म्हणतात, “अहो, गुडघे इथवर फरपटत आणले ते काय तुमचं तोंड बघायला?” आणि पंचा गुंडाळून उतरले की! लगेच पाण्यातल्या एक आजी ओरडल्या, “टाओरु दामे!” टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही! माणूस नागवा चालतो, टॉवेल ओला चालत नाही, कळलं? आजींनी स्वतःच्या डोक्यावरची टॉवेलाची घडी दाखवली... अप्पांनी शांतपणे पंचा सोडला, घडी घातली, ठेवली डोक्यावर! “कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळलंय कार्ट्यानं,” असं ज्यांनी जन्मभर पोरांना सुनावलं, त्या हेडमास्तरांनी! माझ्या डोळ्यांदेखत! वर मलाच, “या जावईबापू, लाजता काय? दायजोबू!”

मी नाही गेलो. बसलो गारठलेल्या दगडावर, बूट-मोज्यांसकट, धपाटे खात, कुंडाकडे पाठ करून. अप्पा मनसोक्त शेकून निघाले आणि वाट उतरायला लागले ते असे तुरुतुरु! आणि मी? माझे गुडघे धरले हो! उतरताना कॉलर धरली होती ती अप्पांची, मी!

सोमवारी लंगडत ऑफिसात शिरलो. मोरिता-सान धावत आले. “अंबरीष-सान, गुडघे?” अस्सा संताप उसळला! दरड, फुली, आजी, पंचा, सगळं तोंडावर फेकायचं म्हणून तोंड उघडलं... आणि निघालं काय त्यातून?

“दायजोबू.”