साहेब कात्रजमार्गे

मशीनला सूड घेता येत नाही म्हणता, म्हणून सांगतो. ऑफिसात कोणाचा डेटा इंटरनेटच्या कोणत्या लाइनने जाईल, हे मी चौदा वर्षं हाताने लावलं, प्रत्येक बदल वहीत लिहून. यंदा ते काम सॉफ्टवेअरकडे गेलं. ते बसवायला मानसी आली.

"काका, सगळ्यांचा डेटा बिबवेवाडीहून सरळ जातो. एकट्या लेले साहेबांचाच कात्रजच्या संथ लाइनने का?"

"असू दे गं."

"कारण लिहिल्याशिवाय सॉफ्टवेअर नियम घेत नाही. आणि नियमांची यादी मंजुरीला साहेबांकडेच जाते."

मी गुपचूप वही पुढे केली. सहा वर्षांपूर्वीची नोंद होती: 'भाचीच्या लग्नाला लेले साहेबांनी रजा नाकारली. त्यांना कात्रजमार्गे पाठवले.'

मानसीने वही मिटली आणि नियम पुसला. साहेबांचा कॉम्प्युटर पळू लागला. सगळ्यांसमोर ते मला म्हणाले, "शिका जरा हिच्याकडून."

पुढच्या महिन्यात त्यांनी मानसीची रजा नाकारली. दोन दिवसांत त्यांचा कॉम्प्युटर पुन्हा रखडला. मी यादी उघडली. कात्रजचा नियम परत आला होता. कारणाच्या रकान्यात 'पूर्वापार पद्धत', आणि खाली साहेबांचीच मंजुरी.